जोत्याला भुसा, भुशाला बुरशी : २०२५ च्या पावसाळ्याच्या नोंदी

जागा दापोली तालुक्यात, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, जोतं अडीच फूट. मागे पंधरा माड, तीसेक पोफळी आणि परसात मांडवाखाली थोडी भाजी. दर पावसाळ्यात पागोळ्या लाल मातीत पडतात, चिखल भिंतीवर उडतो आणि गणपतीआधी जोतं रंगवायचे तीन हजार ठरलेले. तो चिखल आणि तण, दोन्ही एका खेपेत मिटवावं म्हणून यंदा घराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला लाकडाच्या ढलप्या नि भुशाचं आच्छादन केलं. पुढे काय काय झालं ते तारखेवार लिहून ठेवलंय. कोणी हेच करणार असेल तर आधी १७ आणि २४ जुलै वाचा, मग वखारीत फोन करा.

१२ एप्रिल, शनिवार

वखारीतून ३० पोती माल आणला. आंबा, ऐन, किंजळ, अकेशिया, सगळं एकत्र. निम्म्या ढलप्या, निम्मा बारीक भुसा. पोतं ४० रुपये, म्हणजे १,२००. टेम्पो १,५००. मालापेक्षा भाडं जास्त, पण खाडीच्या या बाजूला ते तसंच असतं. दोन गडी, ६०० प्रमाणे १,२००.

साठ फूट लांब, चार फूट रुंद पट्टा. जाडी पाच इंच. भुसा थेट जोत्याला भिडवला, वर नीट थोपटला. त्याच पट्ट्यात सुरण आणि मोगरा आहे, त्यांच्या बुंध्यांभोवतीही गच्च भरला. परदेशी व्हिडिओत सगळं असंच चॉकलेटी, गुळगुळीत दिसतं. आमचंही दिसलं. सहा पोती उरली, ती मागे ताडपत्रीखाली ठेवली.

सासूबाई ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, घराला लाकडाची शेज घातलीस. आता निजायला कोण कोण येतं ते बघ."

मी हसले.

२६ मे, सोमवार

मृगाला अजून पंधरवडा आहे आणि पाऊस आलासुद्धा. शनिवारी, २४ तारखेला केरळात पोचला आणि दोन दिवसांत इथे. आमचे गवताचे भारे अजून उघड्यावर होते, भुशाचा विचार कोण करतंय.

तरी एक नोंद: जोत्यावर चिखलाचा थेंब नाही. भुसा आपलं काम करतोय. यावर मी तीन जणांना फोटो पाठवले.

३ जून

भुशावर पांढरं जाळं. वरून कमी, दोन बोटं उकरलं की भरपूर. कापूस पिंजून ठेवल्यासारखं. ढलप्या एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्यात. वास पावसाळ्यातल्या रानासारखा, वाईट नाही.

घाबरून विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणली (१२० रुपये) आणि पट्टाभर पसरली. संध्याकाळपर्यंत पांढरं दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी भुशावर मेलेली गांडुळं, आणि कडेची दूर्वा करपलेली. गणपतीसाठी मुद्दाम राखलेली दूर्वा.

११ जून

जाळं परत आलं. आठच दिवस. टीसीएल वरच्या इंचभरातलं मारते, पाऊस ती धुऊन नेतो आणि खालचं जाळं पुन्हा वर येतं. यापुढे टीसीएल फक्त विहिरीत.

आज नवीन पाहुणा. पायरीजवळ पिवळा धमक, फेसाळ गोळा, ताटलीएवढा. काल तिथे काहीही नव्हतं. शेजारची पोरं "अंड्याची पोळी सांडली" म्हणून बघायला आली. मला ते ओकारीसारखं वाटलं. नंतर कळलं की इंग्रजीत त्याला कुत्र्याच्या ओकारीवरूनच नाव पडलंय, तेव्हा बरं वाटलं. फुलिगो सेप्टिका. स्लाइम मोल्ड म्हणतात त्यातला प्रकार. दिसतो बुरशीसारखा, पण बुरशी नाही. ओल्या भुशातले जीवाणू खात हळूहळू सरकतो, मग सुकून तपकिरी पापुद्रा होतो आणि आत काळपट पूड.

हे सगळं कळायच्या आधी मी पाइप लावून त्याला जोरात पाण्याने उडवलं. ही चूक कोणी करू नये. एकाचे नऊ झाले, पट्टाभर.

१४ जून

अण्णांकडे (शेजारी, वय सत्तरीपुढे) पोफळीला मारून उरलेलं बोर्डो मिश्रण होतं. "सूनबाई, मारून बघायचंय तर बघ, पण त्यात आता काय राहिलं नसणार," असं सांगूनच त्यांनी कळशी दिली. मी मारलं.

काही झालं नाही. म्हणजे बुरशीला झालं नाही, जोत्याला झालं. चिऱ्यावर निळे ओघळ, अजून गेले नाहीत.

बोर्डोचं काय चुकलं ते अण्णांनी संध्याकाळी चहाला बसून सांगितलं. एक टक्का करायचं तर १ किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगळं विरघळवायचं, मग एकत्र करायचं. घासलेला कोयता मिनिटभर बुडवायचा, पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय. आणि केलं त्याच दिवशी संपवायचं. माझ्या हातात आलं ते तीन दिवसांपूर्वीचं. शिवाय ते आधी मारून ठेवायचं औषध आहे, पोफळीच्या घोसावर कोळेरोग बसू नये म्हणून. लाकडाच्या आत शिरलेल्या बुरशीवर वरून तांबं शिंपडून काय होणार?

पिवळ्या गोळ्यांवरचा खरा उपाय फुकट निघाला. सुकून पूड व्हायच्या आत, ओला असतानाच फावड्याने खालच्या भुशासकट उचलायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वाडीच्या टोकाला खड्ड्यात पुरायचा. नऊच्या नऊ उचलले. सासूबाईंना दमा आहे आणि ही पूड दम्याला त्रासदायक, म्हणून सुकलेले दोन उचलताना मास्क लावला, पूड ओल्या फडक्याखाली दाबून धरली.

२२ जून

आर्द्रा लागली. छत्र्याच छत्र्या.

तीन-चार प्रकार. एक अगदी नाजूक, करड्या, सकाळी उगवून दुपारी शाईसारख्या विरघळणाऱ्या. त्यांच्या वाटेला जाऊ नये, आपोआप जातात. दुसरा प्रकार मला फार आवडला: बोटाच्या पेराएवढ्या इवल्या वाट्या आणि प्रत्येकीत मसुरीसारखे तीन-चार दाणे. संक्रांतीच्या सुगडांचा बाहुल्यांनी मांडलेला खेळ वाटतो. पावसाचा थेंब वाटीत पडला की दाणे उडतात, असा तिचा प्रसार. निरुपद्रवी. त्या तशाच ठेवल्या.

तिसऱ्या प्रकाराची गोष्ट लिहायलाच हवी. पट्ट्याच्या कडेला, भुसा आणि गवत मिळतात तिथे पांढऱ्या, ताटाएवढ्या, वर तपकिरी खवले असलेल्या छत्र्या. शेजारच्या काकू टोपली घेऊनच आल्या. "अळंबी! बाजारात वाटा दोनशेला देतात गो." मोह मलाही झाला. पावसाळ्यात वारुळावरच्या अळंबीची भाजी इथे सणासारखी असते.

पण सासूबाईंनी देठ उपटून बघितला. वारुळावरच्या अळंबीचा देठ खाली निमुळता होत मुळासारखा खोल जातो, थेट वाळवीच्या घरात. हिचा देठ खाली फुगीर आणि तिथेच संपलेला. वर देठावर बांगडीसारखं कडं, सरकवलं तर सरकतं. "ही आपली न्हवं," त्या म्हणाल्या.

मी आणखी एक केलं. देठ कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाडगा झाकला. सकाळी कागदावर पाकळ्यांची नक्षी उमटली होती. हिरवट रंगाची. हिरवी पूड देणारी, एवढी मोठी, गवतात उगवणारी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाल्ली की तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब. काकूंना कागद नेऊन दाखवला. त्यांनी घरी नेलेल्या चार छत्र्या चुलीत टाकल्या आणि मला जरा रागावूनच चहा दिला.

हिरवा ठसा आला तर खायची नाही, एवढंच यातून कळतं. पांढरा आला तर खायची, असा याचा अर्थ नाही. भुशावर उगवलेलं काहीही आमच्या घरात शिजणार नाही, हे त्या दिवशी ठरलं. कोंबड्यांना मात्र काही नियम नाही. त्यांनी निम्मा पट्टा उकरून अंगणात आणलाय. रोज सकाळी अर्धा तास तो परत ढकलण्यात जातो.

२ जुलै

स्वयंपाकघराच्या खिडकीत मेलेल्या उंदराचा वास. माळा शोधला, फळीमागे शोधलं, दोन तास. उंदीर नाही. खिडकीखाली भुशात एक पांढरा दांडा, वर हिरवट काळं बुळबुळीत टोपण आणि खाली नेटच्या फ्रॉकसारखी जाळी. दिसायला इतकं सुंदर आणि वासाला असं. माश्या घोंगावत होत्या. त्याच माश्या ती बुळबुळ पायांना लावून दुसरीकडे नेतात, वास त्यासाठीच असतो.

दांडा उपटून उपयोग नाही. शेजारी भुशात कोंबडीच्या लहान अंड्यासारखे पांढरे, मऊ गोळे सापडतात, त्यातून उद्याचे दांडे निघतात. आज सहा काढले. आता रोज सकाळी चहाआधी त्या कोपऱ्यात फेरी मारते आणि फावड्याने ती अंडी उचलते. पाच दिवसांत वास संपला.

९ जुलै

दोन दिवस वाया. पश्चिमेच्या पांढऱ्या भिंतीवर बारीक काळे ठिपके दिसले आणि मी वाचत सुटले. भुशावर वाढणारी एक बुरशी आहे, स्फेरोबोलस, जी आपली काळी गोळी अक्षरशः तोफेसारखी उडवते, कित्येक फूट, उजेडाच्या आणि पांढऱ्या रंगाच्या दिशेने. गोळी डांबरासारखी चिकटते, खरवडली तरी डाग राहतो. अमेरिकेत लोक यापायी घराच्या भिंतींचं बाहेरचं आवरण बदलतात म्हणे. मी रंगाच्या दुकानात भावही विचारून आले.

मग सासूबाईंनी ओल्या फडक्याने ठिपके पुसले. पुसले गेले. आणि उत्तरेच्या भिंतीवर, जिथे भुशाची ढलपीसुद्धा नाही, तिथेही तेच ठिपके. म्हणजे ही आपली नेहमीची पावसाळी काजळी, जी आमच्या कपाटातल्या चपलांवरही येते. त्या तोफवाल्या बुरशीला गारवा लागतो, आमच्या जुलैच्या घामात ती कशाला येईल, हे आधी सुचायला हवं होतं.

१७ जुलै

आजपर्यंतचं सगळं डोळ्यांना त्रास देणारं होतं. आज पहिलं खरं नुकसान.

सुरणाची सात झाडं होती, छत्रीसारखी उभी. तीन एका रात्रीत आडवी. वाऱ्याने पडली म्हणून उचलायला गेले तर देठ जमिनीलगत कुजून हातात आला. बुंध्याभोवती पांढऱ्या धाग्यांचा पंखा आणि त्यात मोहरीएवढे गोल दाणे, काही पांढरे, काही तपकिरी. भुसा बाजूला केला तर बाकीच्या चारपैकी दोघांच्या बुंध्याला तोच पंखा लागायला सुरुवात. मोगऱ्याच्या एका झाडाचीही साल मऊ.

आतेबहीण कृषीची पदवीधर, तिला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "मोहरीचे दाणे दिसतायत ना? स्क्लेरोशियम. बुंध्याला भुसा कोणी चिकटवला?"

मी गप्प.

तिने सांगितलं ते असं. ढलप्या खाणारी बुरशी वेगळी, ती मेलेलं लाकूड खाते, जिवंत झाडाला शिवत नाही. ही दुसरी मातीतच असते, आणि उष्ण दमट हवेत बुंध्याशी ओला, कुजका थर मिळाला की तिथून झाडात शिरते. मी तिच्यासाठी पायरी बांधून दिली होती. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून पडलेली झाडं खतखड्ड्यात टाकायची नाहीत.

आज केलेलं काम: तीन मेलेले सुरण भोवतालच्या वीतभर मातीसकट खणून काढले, प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवले, उघडीप मिळाली की जाळायचे. उरलेल्या प्रत्येक बुंध्यापासून भुसा सहा इंच मागे ओढला, बुंधा मोकळा, वारा लागेल असा. मोगऱ्याची कुजकी साल खरवडली.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) एक किलो आणलं, १८० रुपये. दुकानदार म्हणाला पाण्यात कालवून लगेच ओता. आतेबहीण म्हणाली, नाही, घाई करू नको, भुशावर तांबं मारलंयस. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळ, ओलसर ठेव, सावलीत गोणपाटाखाली दहा दिवस वाढू दे, मग बुंध्याभोवती पसर. ऐकलं. खत गोठ्याच्या पडवीत ठेवलंय.

२४ जुलै, दीप अमावस्या

दिवे घासायला बाहेर बसले होते. नजर जोत्यावर गेली. भुशाच्या काठापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मातीची एक बारीक नळी, पेन्सिलीएवढी जाड, चिऱ्याच्या सांध्यासांध्याने वर चढलेली. नखाने फोडली. आत वाळवी.

खिडकीची चौकट दोन वर्षांपूर्वी बदलली तेव्हा स्वस्तात म्हणून आंब्याच्या लाकडाची बसवली होती. जुनी फणसाची साठ वर्षं टिकली. आंब्याच्या चौकटीत बोटाने दाबलं तर खालचा कोपरा पोकळ.

सासूबाईंनी एप्रिलमधल्या वाक्याची आठवण करून दिली नाही. नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

बसून विचार केला तर गोष्ट सरळ आहे. जांभा पाणी शोषतो. पाच इंचाचा ओला थर चिऱ्याला टेकवून ठेवला की भिंत सुकायला वावच नाही, आणि त्या थराखालून वाळवी कोणाला न दिसता भिंतीपर्यंत येते. उघड्या जोत्यावर नळी पहिल्याच दिवशी दिसली असती. मी दोन महिने बुरशीवर काय काय ओतत बसले आणि खाली दुसरंच चालू होतं. छत्र्या दिसत होत्या म्हणून त्यांच्याशी भांडले.

नळी सगळी मोडली नाही. मध्ये बोटभर तुकडा काढला आणि ठेवून दिली. दोन दिवसांत परत जोडली तर वाळवी चालू आहे असं समजायचं.

२६ जुलै

जोडली.

२८ ते ३० जुलै

दोन गडी, दोन दिवस, २,४०० रुपये. तिसरा दिवस पावसाने नेला. जोत्यालगतचा दीड फूट भुसा पूर्ण काढला, माती दिसेपर्यंत. ओला भुसा घमेल्याला दुप्पट जड होतो. एप्रिलमध्ये जे काम अर्ध्या दिवसात झालं, ते उलटं करायला चौपट वेळ.

जोत्याजवळची माती चार इंच खणली, बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला आणि पागोळ्यांचं पाणी पाटात जाईल असं केलं. त्यावर काळी खडी. अर्धा ब्रास, टेम्पोसकट २,४००. साठ फूट लांबी, दीड फूट रुंदी, चार इंच जाडी धरली तर तीस घनफूट लागते, अर्ध्या ब्रासात पन्नास येते. उरलेली दारातल्या चिखलात टाकली. गडी म्हणत होता की चिऱ्याच्या कपच्या फुकट मिळतील, त्या टाका. टाकल्या नाहीत. जांभ्याच्या कपच्या पाणी धरतात, शेवाळ धरतात, दोन पावसांत चुरा होतो.

खिडकीखाली पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकं मारून औषध. ४,५००. चौकटीचा पोकळ कोपरा गणपतीनंतर बघू.

दीड फुटाच्या पुढे जो भुसा ठेवला तो दोन इंचांवर आणला, दाताळ्याने वड्या फोडून. काढलेला माल माडांच्या आळ्यांत पसरला, खोडापासून दोन फूट लांब.

५ ऑगस्ट

ताडपत्रीखालची सहा पोती आठवली. मोगऱ्याभोवती जिथे भुसा कमी झाला होता तिथे पातळ थर द्यावा म्हणून एक पोतं उघडलं. नाक धरून मागे झाले. व्हिनेगर आणि नासक्या कांद्याचा मिळून वास. पण लाकूडच तर आहे म्हणत पसरलं.

तिसऱ्या दिवशी मोगऱ्याची खालची पानं कडेने भाजल्यासारखी, अबोली पूर्ण झोपलेली. हवा न मिळता ओला भुसा दाबून राहिला की आंबतो, त्यात आम्ल तयार होतं, आणि ते झाडाला भाजतं. इथे बुरशीचा दोष नाही. उलट बुरशीला हवा लागते, हवा असती तर माल आंबला नसता. भुसा लगेच ओढून काढला, झाडं साध्या पाण्याने धुतली. मोगरा वाचला, अबोलीच्या चारपैकी एक.

उरलेली पाच पोती गोठ्याच्या पडवीत जमिनीवर दोन इंच पसरली. पाच दिवस रोज उलथली. वास गेला.

ट्रायकोडर्मा घातलेलं शेणखत आज सुरणाला आणि मोगऱ्याला घातलं. खतावर हिरवी साय धरली होती. आता हिरवं बघून घाबरायची सवय गेलीय.

१९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो. पऱ्या (ओढा) भरून रस्त्यावर. खडीच्या पट्ट्याची परीक्षा: चिखल जोत्यावर अर्धा फूटच, तोही एका टोकाला जिथे खडी पातळ पडली. म्हणजे ज्या कामासाठी भुसा आणला होता ते खडीने केलं.

नवी नळी नाही. सुरण चार उभे आहेत.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. यंदा जोतं रंगवलं नाही, निळे ओघळ मात्र आहेतच. पुण्याचे पाहुणे विचारणार. "बोर्डो" म्हणून सांगायचं आणि विषय बदलायचा.

छत्र्या खूप कमी. दोन इंचांच्या थरात क्वचित एखादी, ती पायाने बाजूला. पिवळा गोळा जुलैनंतर एकदाही नाही.

१४ सप्टेंबर

चार-पाच दिवस उघडीप. मांडवाच्या कडेला छपराखाली मिरचीच्या ओळीत भुसा पाच इंचाचाच राहून गेला होता. मिरची दुपारी मान टाकते, म्हणून तांब्याने पाणी घातलं. पाणी थरावरून घरंगळून बाजूला गेलं. खाली बोट घातलं तर माती कोरडी फटक. बुरशीच्या जाळ्याने भुसा विणून त्याची वाळलेली गादी झालीय, तीत पाणी शिरत नाही. गच्च पावसाच्या महिन्यात, छपराच्या आडोशाला, मिरची तहानेने मरायला टेकली होती.

कुदळीच्या टोकाने गादी फोडली, हाताने चुरली, पाणी हळूहळू दोनदा दिलं. संध्याकाळी मिरची उभी. औषध काहीच लागलं नाही.

आणखी एक. माडांकडे नेताना काही भुसा गड्याने एका जागी ढीग करून ठेवला होता, दीड महिना तसाच. अण्णांनी बघितलं आणि ओरडलेच. "माडाच्या वाडीत कुजका ढीग? गेंड्या भुंग्याला बाळंतीण घर बांधून दिलंस!" उकरलं तर पांढऱ्या, जाड, वळलेल्या अळ्या. अकरा सापडल्या, कोंबड्यांनी दोन मिनिटांत संपवल्या. हा भुंगा माडाच्या कोंबात शिरतो आणि नवी झावळी कातरल्यासारखी उघडते. ढीग लगेच पसरला. आतेबहिणीने मेटारायझियम सांगितलं, २०० रुपये, ओल्या भुशात मिसळलं. तीही बुरशीच. अळीच्या अंगावर रुजते आणि तिला मारते. सासूबाईंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आता पैसे देऊन बुरशी आणतेस."

९ नोव्हेंबर

पाऊस यंदा ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला. आता जमीन तडकायला लागली. अण्णांनी माडाच्या आळ्यांत पातेरा (वाळका पाला) भरायला घेतला. ते दर वर्षी दिवाळीनंतर भरतात आणि मेअखेर आळं मोकळं करतात. मी इतकी वर्षं बघतेय. आपल्याकडे ओल टिकवायची ती डिसेंबर ते मे. जून ते सप्टेंबर ओल घालवायची असते, आणि मी नेमकी तेव्हा झाकून ठेवली. विचारलं असतं तर त्यांनी एप्रिलमध्येच सांगितलं असतं. व्हिडिओ ज्या मुलखातला होता तिथे पाऊस कसा पडतो, हे बघायचं राहिलं.

या वेळचं आच्छादन: आंब्याचा पातेरा तीन इंच, त्यावर नारळाची सोडणं. सोडणं पालथी घालायची, उताणी घातली तर वाट्यांत पाणी साचून डास होतात. बुंध्यापासून वीतभर मोकळं. जोत्याजवळ फक्त खडी. खर्च शून्य, दोघींची तीन सकाळची मेहनत.

एकूण हिशेब: भुसा, टेम्पो, मजुरी ३,९००. टीसीएल १२०. ट्रायकोडर्मा १८०. काढण्याची मजुरी २,४००. खडी २,४००. वाळवी ४,५००. मेटारायझियम २००. बेरीज १३,७००. चौकट यात धरलेली नाही, सुताराने अजून भाव सांगितला नाही. या वेळी फणस.

सुरण खणले. चारांपैकी मोठा साडेतीन किलोचा. एक फोड काकूंकडे पाठवली, अळंबीच्या बदल्यात.

१५ नोव्हेंबर

जोत्याला फेरी मारली. नळी नाही. खिडकीखाली दोन ठिकाणी खडूने खुणा करून ठेवल्यात. पुढची पाहणी १५ डिसेंबरला.